परदेशात फ्लॅट भाड्याने घेऊन राहिलं की तिथलं रोजचं आयुष्य खरंच कळतं का?

ओवी२२
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मला आणि नवऱ्याला पुढच्या वर्षी सुट्ट्या जोडून एकाच गावात, एकाच घरात तीनेक आठवडे राहायचंय. टूर नको, रोज सकाळी बस पकडणं नको, दहा दिवसांत सात शहरं तर अजिबात नकोत. फ्लॅट घ्यायचा, बाजारात जायचं, घरी रांधायचं, संध्याकाळी चौकात जाऊन बसायचं आणि तिथली माणसं कशी जगतात ते बघायचं, एवढंच. इटलीत बोलोन्या मनात आहे, कारण तिथून सगळीकडे ट्रेन आहेत आणि रोम, व्हेनिसइतकी झुंबड नसते असं वाचलंय.

पण ओळखीतले एक जण म्हणाले की अगं हॉटेलात निदान रिसेप्शनवरचा माणूस तरी बोलतो, फ्लॅटमध्ये तुम्ही आकडे फिरवून चावीचा डबा उघडता, आत शिरता, निघताना चावी परत डब्यात, मधल्या दिवसांत एकाही स्थानिक माणसाशी दोन शब्द बोलणं होत नाही. ते ऐकल्यापासून जरा खट्टू झालेय. तुमचे अनुभव सांगा. घर कसं शोधायचं, नियम, फसवणूक याबद्दलही लिहिलंत तर फार बरं होईल.

तिसरा_मजला
कळतं की! पण सगळं नाही कळत, आणि जे कळतं ते बहुतेक कचरा, कपडे आणि शेजाऱ्यांमुळे कळतं, हे आधीच सांगून ठेवतो.

बर्लिनला एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. घरमालकीणबाईंनी चावी देतानाच बजावलं, रविवारी दुकानं बंद असतात, जे लागेल ते शनिवारीच आणून ठेवा, रात्री दहानंतर आवाज नको आणि रविवारी तर दिवसभर नको, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर असलं काही चालवायचं नाही, काचेच्या बाटल्याही कचऱ्याच्या पिंपात रविवारी टाकायच्या नाहीत कारण खळखळाट होतो. ऐकताना वाटलं काय कटकट आहे. पण तो रविवार मी विसरणार नाही, अख्खी गल्ली शांत, लोक पोरांना घेऊन पार्कात निघालेत, कुणाला कसली घाई नाही. नंतर कळलं की रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे, आधीच्या वायमार घटनेतलं कलम तसंच उचलून आताच्या घटनेत घातलंय. हॉटेलात राहिलो असतो तर रविवारी दुकान बंद दिसलं म्हणून चडफडत परत आलो असतो आणि विषय तिथेच संपला असता.

आणि हो, रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत. दुकानात मशीन असतं, त्यात बाटली सरकवली की अनामत परत, प्लॅस्टिकच्या बाटलीला २५ सेंट. त्या रांगेत माझ्यापुढे उभ्या आजोबांनी मला मशीन कसं चालवायचं ते हातवारे करून शिकवलं, बुडाकडून घालायची, तोंडाकडून नाही. त्या प्रवासातला तो मला सगळ्यात आवडलेला संवाद.

रानवारा
+१ तिसरा_मजला. कचरा वेगळा करायला लागलात की समजायचं, तुम्ही तिथे राहायला लागलात :)

उगाच_एक
म्हणजे सुट्टी घेऊन, व्हिसा काढून, विमानाने जाऊन कचरा वेगळा करायचा. आमच्या घरात हे वाचून दाखवलं, बायको म्हणाली यांना आजच पाठवा.

निळावंती
मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

ओवी, तुझी इच्छा छान आहे गं, पण ज्या शेजारासाठी तू तिथे चाललीयस तो शेजारच या फ्लॅटांमुळे उठून जातोय. व्हेनिसचं बघ. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. तिथल्या रियाल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी आहे, २००८ पासून, आणि तो आकडा खाली खालीच येतोय. आता तिथे रहिवाशांपेक्षा पर्यटकांच्या खाटा जास्त आहेत. अशा ठिकाणी फ्लॅट घेऊन कुणाचं आयुष्य बघणार? वरच्या मजल्यावर पर्यटक, खालच्या मजल्यावर पर्यटक, जिन्यात सगळे चाकांच्या बॅगा ओढतायत. वाण्याचं दुकान गेलं, चांभार गेला, त्या जागी मुखवट्यांची दुकानं आली.

मी हल्ली हॉटेलातच राहते. हॉटेल हॉटेलच्याच इमारतीत असतं, कुणाचं घर जात नाही.

गंधार
निळावंती, व्हेनिसबद्दल पूर्ण सहमत, पण सगळं खापर पर्यटकांच्या फ्लॅटवर फुटतंय ते पटत नाही. व्हेनिसमधली माणसं साठ-सत्तरच्या दशकांतच मोठ्या संख्येने समोरच्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला गेली, तेव्हा ऑनलाइन बुकिंगचा जन्मही झाला नव्हता. जुनी ओलसर घरं, पुराचं पाणी, मुख्य भूमीवर नोकऱ्या, अशी कारणं होती. फ्लॅटनी त्यात भर घातली हे खरं, सुरुवात त्यांनी केली नाही.

आणि हॉटेलं काय कमी जागा खातात? शहराच्या मध्यभागी जुने वाडे घेऊन त्यांचीही हॉटेलं झालीच की.

निळावंती
@गंधार, भर घातली हे मान्य केलंत ना, माझं तेवढंच म्हणणं आहे. मेस्त्रेला लोक गेले तेव्हा मागे घर रिकामं राहायचं, पुढेमागे कुणीतरी तिथे राहायला येण्याची शक्यता तरी होती. आता ते घर वर्षभर रात्रीच्या हिशोबाने विकलं जातंय, तिथे शिक्षक किंवा नर्स कुठल्या पगारात राहणार?

बार्सिलोनाने तर २०२४ च्या जूनमध्ये जाहीरच केलं की पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार, एकही नव्याने देणार नाही. पुढच्याच महिन्यात तिथे मोर्चा निघाला आणि हॉटेल-कॅफेत बसलेल्या पर्यटकांवर लोकांनी पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. मला हे वाचून वाईट वाटलं, दोन्ही बाजूंसाठी. ज्या लोकांमध्ये मिसळायला जायचं त्यांनाच आपण नको असू, तर त्या मिसळण्याला काय अर्थ?

खिडकीकर
चांगली चर्चा चाललीय. मी कामानिमित्त बराच फिरतो आणि घर बुक करण्याआधी त्या शहराचा नियम बघतो, त्यामुळे जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो. बेकायदा फ्लॅट ऐनवेळी रद्द होतो आणि बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहायची वेळ आपल्यावर येते, म्हणून हे कामाचं आहे.

पॅरिसमध्ये मालकाला स्वतःचं राहतं घर वर्षात ९० रात्रींपर्यंतच देता येतं. आधी १२० होत्या, २०२५ पासून कमी केल्या. जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा लागतो, नसेल तर पुढे सरका. ॲमस्टरडॅममध्ये फार तर ३० रात्री, काही भागांत त्याहूनही कमी, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पाहुणे. व्हिएन्नात जुलै २०२४ पासून ९० दिवस. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमल सुरू केला, ३० दिवसांपेक्षा कमी राहायचं तर घरमालक त्याच घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच, म्हणजे अख्खा रिकामा फ्लॅट आठवड्यासाठी कुणी स्वस्तात देतोय म्हटलं की तिथेच काहीतरी गडबड आहे. जपानमध्ये २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे, शिवाय परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवतात, ती मागितली म्हणून घाबरू नका.

सिंगापूर सगळ्यात कडक. खासगी फ्लॅटही किमान सलग तीन महिन्यांसाठीच भाड्याने घ्यावा लागतो, सरकारी घरं किमान सहा महिन्यांसाठी आणि ती पर्यटकांना मिळतच नाहीत. तिथे हौस बाजूला ठेवून सरळ हॉटेल घ्यायचं.

इस्तंबूलमध्ये २०२४ पासून पर्यटकांना १०० दिवसांपर्यंत घर द्यायचं तर मालकाला परवाना लागतो आणि त्यासाठी इमारतीतल्या सगळ्या मालकांची लेखी संमती लागते. हा नियम मला फार आवडला. ज्यांच्या जिन्यातून आपण ये-जा करणार त्यांना आधी विचारलेलं असतं.

उगाच_एक
इमारतीतल्या सगळ्यांची एकमताने संमती?? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंख्याच्या स्पीडवर एकमत होत नाही हो.

केशर
हाहा उगाच_एक.

खिडकीकर, प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी एकटी फिरते, त्यामुळे माझं गणित जरा वेगळं आहे. मी अख्खा फ्लॅट शक्यतो घेत नाही, राहत्या घरातली एक खोली घेते. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे निळावंतीताईंचा मुद्दा सुटतो, कारण कुणाचं घर बाजारातून जात नाही, उलट त्या माणसाला स्वतःचं घर टिकवायला हातभार लागतो. आणि दुसरं म्हणजे ओवीला जे हवंय ते इथेच मिळतं. अख्ख्या फ्लॅटमध्ये तुम्ही तुमच्याशीच बोलता हो. लिस्बनला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी राहिले होते. त्या रोज सकाळी रेडिओ लावायच्या आणि बातमी ऐकून तावातावाने मला पोर्तुगीजमध्ये काहीतरी समजावायच्या, मला दहातला एक शब्द कळायचा, पण चार दिवसांनी कुठल्या मंत्र्यावर त्यांचा राग आहे ते बरोबर ओळखायला लागले. वरच्या मजल्यावरची बाई दोरीने टोपली खाली सोडायची, त्यात या पत्र टाकायच्या. त्या घरात कोण आजारी, कुणाची मुलगी परदेशी गेली, कुणाचं भाडं वाढलं, सगळं कळलं.

तसंही हा सगळा प्रकार सुरू झाला तो असाच ना. २००७ साली सान फ्रान्सिस्कोत एका परिषदेसाठी हॉटेलं भरली होती तेव्हा दोन तरुणांनी स्वतःच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे घेतले, त्यातून एअरबीएनबी ही घरं भाड्याने लावायची साइट उभी राहिली. यजमान घरात आणि पाहुणा शेजारच्या खोलीत, ही मूळ कल्पना. पुढे एकेका मालकाचे पन्नास-पन्नास फ्लॅट झाले आणि तिची रया गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायकांसाठी दोन सूचना: परीक्षणं वाचताना एकट्या राहिलेल्या बायकांचीच आधी वाचायची, आणि आतून लावायची कडी किंवा कुलूप खोलीला आहे का ते बुकिंगआधी लेखी विचारायचं. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला पूर्ण बंदी केलीय, बैठकीच्या खोलीतही चालत नाही. दिसला तर फोटो काढा आणि लगेच तक्रार करा.

ओवी२२
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. केशर, टोपलीचं वाचून आत्ताच निघावंसं वाटायला लागलंय. निळावंतीताई, राग कसला, उलट हे मला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

पण खोली म्हटलं की नवरा कुरकुरतोय. त्याचं म्हणणं, सुट्टीतसुद्धा कुणाच्या तरी घरात दबकून वावरायचं, सकाळी बाथरूमसाठी थांबायचं, स्वयंपाकघर विचारून वापरायचं, ते त्याला नको. त्याचंही चुकत नाही म्हणा.

पेन्शनर_काका
ओवी, तुझ्या नवऱ्याच्या बाजूने एक मत नोंदव. आमच्या वयात रात्री दोनदा उठावं लागतं, दुसऱ्याच्या घरात अंधारात चाचपडत जायचं म्हणजे परीक्षाच.

आम्ही दोघं अदलाबदलीने राहतो. आम्ही त्यांच्या घरी, ते आमच्या घरी, भाड्याचा प्रश्नच नाही. ही कल्पना नवी नाही बरं, इंटरव्हॅक नावाची संस्था १९५३ साली युरोपातल्या शिक्षकांनी सुरू केली, शाळेच्या लांब सुट्ट्या आणि बेताचा पगार, त्यातून निघालेली युक्ती. यातलं सुख असं की ते घर खरंच कुणाचं तरी असतं. कपाटात त्यांची पुस्तकं, भिंतीवर नातवंडांची उंची मोजलेल्या रेघा, मसाल्यांच्या बाटल्यांवर हाताने लिहिलेली नावं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शेजाऱ्यांना तुम्ही येणार हे माहीत असतं. आम्ही नेदरलँड्समध्ये होतो तेव्हा शेजारचे गृहस्थ पहिल्याच दिवशी सायकलींची हवा भरून घेऊन आले, म्हणाले तुमच्या यजमानांनी सांगून ठेवलंय. त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी कालव्याकाठी चक्कर व्हायची. पत्रव्यवहार अजून चालू आहे.

तोटा इतकाच की तारखा जुळवायला सहा-आठ महिने आधीपासून लागावं लागतं आणि आपलं घरही पाहुण्यांसाठी लावून ठेवावं लागतं. कागदपत्रं, दागिने एका खोलीत कुलूपबंद करा आणि विमा कंपनीला आधी कळवा.

डॉ_भटक्या
काका, त्या नेदरलँड्सच्या जिन्यांबद्दल लिहा की. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरातला जिना म्हणजे शिडीच असते, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने बॅग ओढणं अशक्य. तिथले लोक सामान जिन्याने नेतच नाहीत, घराच्या माथ्यावर तुळई काढून आकडा बसवलेला असतो, त्याला दोर लावून कपाटं, पलंग बाहेरून खिडकीतून चढवतात.

सगळ्यांना कळकळीची विनंती, घर बघताना मजला आणि लिफ्ट आधी बघा, सोफ्याचा रंग नंतर. युरोपात तळमजला शून्य धरतात, त्यामुळे पॅरिसमधला सहावा मजला म्हणजे रस्त्यापासून सहा जिने, आणि जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही. गुडघ्याचे रुग्ण माझ्याकडे सहलीहून परत आल्यावर येतात, जायच्या आधी कुणी विचारत नाही. ओवी, तुझ्याबरोबर ज्येष्ठ कुणी येणार असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

तिसरा_मजला
माझ्या आयडीकडे बघून हा प्रतिसाद लिहिलाय का डॉक्टर :)

डॉ_भटक्या
नाही हो, पण योग जुळून आला.

रानवारा
इटलीचा विषय आहे म्हणून लिहिते, माझी बहीण तिकडे राहते आणि मी तिच्याकडे जाऊन-येऊन असते.

एक, वीज. तिथल्या बहुतेक घरांचं वीज कनेक्शन ३ किलोवॅटचं असतं. वॉशिंग मशीन चालू असताना ओव्हन लावला आणि त्यात कुणी केस वाळवायचं यंत्र सुरू केलं की घर काळोखात. मीटरचा खटका कधीकधी खाली जिन्याखाली असतो, तेव्हा तो कुठे आहे ते आल्या आल्या विचारून ठेवायचं. तिथली माणसं हे इतकं अंगवळणी पाडून बसलीत की बहीण आता आपोआप ओरडते, "मशीन लागलंय, ओव्हन नको!" ड्रायर क्वचित, कपडे दोरीवर.

दोन, कागद. घरमालक तुमचे पासपोर्ट मागेल, द्यायचेच. पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याला पोलिसांच्या पोर्टलवर नोंद करावी लागते, कायदाच आहे. कुणी म्हणालं पासपोर्ट-बिसपोर्ट राहू द्या, तर तो मालक नोंद करत नाहीये असं समजा आणि दुसरं घर बघा. जानेवारी २०२५ पासून प्रत्येक पर्यटक-घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, त्याला सीआयएन म्हणतात, तो जाहिरातीतही हवा आणि इमारतीच्या बाहेरही. पर्यटक कर वेगळा, माणशी दर रात्री.

तीन, तुझ्या ओळखीचे म्हणाले ना चावीचा डबा. फ्लॉरेन्सने जुन्या शहरात ते डबे लावायलाच बंदी केलीय. मी तर म्हणते घर निवडताना तोच निकष लाव. मालक स्वतः चावी द्यायला येणार आहे का, हे विचार. जो येतो तो अर्धा तास बसतो, कुठला भाजीवाला चांगला, कुठल्या बेकरीत संध्याकाळी जायचं, कुठल्या औषधवाल्याला इंग्रजी येतं, सगळं सांगतो, निघताना "सिन्योरा, काही लागलं तर आई खालच्या मजल्यावर आहे" असंही म्हणतो. तीन आठवड्यांचं नशीब त्या अर्ध्या तासात ठरतं.

गंधार
रानवारा, फार उपयोगी. चावीच्या डब्याचा निकष लाखमोलाचा.

बोलोन्याबद्दल भर घालतो, मी तिथे शिकायला होतो. ओवी, निवड उत्तम आहे, पण निळावंतीताईंचा मुद्दा तिथेही लागू होतो. तिथलं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात, गाव विद्यार्थ्यांचं आहे आणि विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नाहीत, कारण मालकांना पर्यटक परवडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर पोरं खोलीसाठी वणवण फिरतात, आमच्या वर्गातला एक जण पहिला महिना मित्राच्या जमिनीवर झोपला होता. तेव्हा माझी हात जोडून विनंती, ते दोन महिने टाळा. जून-जुलैत परीक्षा संपून बरीच मुलं घरी जातात, तेव्हा या. ऑगस्टमध्ये मात्र गाव निम्मं रिकामं असतं, १५ तारखेच्या आसपास पाटी लावून दुकानदार गायब, उकाडा आणि डास वेगळेच.

जुलैत मोठ्या चौकात, पियात्सा माज्जोरेमध्ये, रात्री मोठा पडदा लावून फुकट सिनेमे दाखवतात, शहराचं फिल्म-संग्रहालय ते भरवतं. लोक जेवून, पोरं-आजोबा सगळे मिळून येतात, खुर्च्या भरल्या की पायऱ्यांवर बसतात. त्याच चौकाला लागून सालाबोर्सा नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुणीही जाऊन बसावं, मधल्या दालनाची फरशी काचेची आहे आणि खाली रोमन काळातले अवशेष दिसतात. तिथे सकाळी पेपर वाचायला तीच तीच म्हातारी मंडळी येतात. चार दिवस त्याच टेबलाशी बसा, पाचव्या दिवशी मान डोलावतील.

आणि पाऊस आला तरी चालत राहा, शहरात ६२ किलोमीटर कमानींचे झाकलेले रस्ते आहेत, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. डोंगरावरच्या सान लुका चर्चपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला ६६६ कमानी आहेत, तिथे तुम्हाला पर्यटकांपेक्षा ट्रॅकसूट घातलेले गावकरीच जास्त दिसतील, त्यांचा तो रोजचा व्यायाम आहे.

निळावंती
गंधार, हे वाचून माझाही विरोध थोडा मवाळ झाला हो. विद्यार्थी नसताना त्यांची खोली घ्यायची, हे पटलं. माझा आक्षेप मुक्कामापेक्षा त्या मुक्कामाने कुणाला उठवलं यावर आहे. एखादी परदेशी गेलेली व्यक्ती स्वतःचं राहतं घर महिनाभर देते, त्याला माझी काहीच हरकत नाही.

फक्त ते ओळखायचं कसं? जाहिरातीवरून कळतं का?

केशर
बऱ्यापैकी कळतं ताई. मालकाच्या नावावर टिचकी मारा, त्याची एकूण किती घरं आहेत ते दिसतं. एकच असेल तर चांगलं लक्षण. मग फोटो बघा. पुस्तकं, कुंड्या, फ्रिजवर चिकटवलेले कागद, वापरलेली भांडी दिसली की ते कुणाचं तरी घर आहे. सगळं पांढरं-करडं, भिंतीवर शहराच्या नावाची चौकट आणि दोन पेले, तर तो धंद्यासाठी सजवलेला फ्लॅट. आणि कॅलेंडर बघा, वर्षभर सगळ्या तारखा खुल्या असतील तर तिथे कुणी राहत नाही.

उगाच_एक
केशरताई तुम्ही गुप्तहेर खात्यात आहात का?

केशर
एकटी फिरणारी बाई आपोआप होते तशी :)

खिडकीकर
फसवणुकीबद्दल ओवीने विचारलं होतं ते राहिलंच. ठरलेली चाल अशी असते की जाहिरात साइटवर, पण मालक म्हणतो साइटचं कमिशन वाचवू, थेट बँकेत पैसे पाठवा, मी स्वस्तात देतो. इथे संभाषण थांबवायचं. साइटच्या बाहेर गेलेल्या पैशाची जबाबदारी कुणी घेत नाही. दुसरं, घराचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघायचा, तोच दिवाणखाना तीन वेगळ्या शहरांत निघतो कधीकधी. माझ्या एका सहकाऱ्याला पोहोचल्यावर कळलं की त्या पत्त्यावर दातांचा दवाखाना आहे. पैसे गेले ते गेलेच, रात्रीचे अकरा वाजलेले, बरोबर लहान मूल.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, साइटवरच्या बुकिंगची पावती त्यासाठी वापरता येते, त्यावर तुम्हा दोघांचीही नावं असू द्या. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांच्या आत, आणि विमा किमान ३०,००० युरोचा.

पेन्शनर_काका
माणसं भेटण्याबद्दल एक सांगू का. फ्लॅट, खोली, अदलाबदल काहीही घ्या, पण रोज त्याच वेळी त्याच ठिकाणी जा. तोच कॅफे, तोच बाक, तीच भाजीवाली. पर्यटक रोज नवी जागा शोधतो, गावकरी रोज त्याच जागी जातो. हिला विणकामाची आवड, ती कुठेही गेली की लोकरीचं दुकान शोधते, तिथे आठवड्यातून एकदा बायका विणायला जमतात असं हमखास निघतं. भाषा येत नाही, टाके येतात. मी आपला बुद्धिबळाचा पट दिसला की उभा राहतो.

आणि नमस्काराचे शब्द शिकून जा. दुकानात शिरताना आणि निघताना तिथल्या भाषेत म्हटलं की चेहरा बदलतो समोरच्याचा.

डॉ_भटक्या
काकांना अनुमोदन. नवऱ्याला कशाची आवड आहे ओवी? पोहणं, गाणं, फुटबॉल? त्याचं काहीतरी शोधून ठेव. नाहीतर तू बाजारात रमशील आणि तो घरात मोबाईल घेऊन बसेल, असं जोडपं मी जवळून बघितलंय.

ओवी२२
त्याला सिनेमा! गंधार यांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यापासून स्वतःच ट्रेनची वेळापत्रकं काढून बसलाय, मला हात लावू देत नाहीये.

तर सध्या असं ठरतंय. जूनच्या शेवटी जायचं. पहिला आठवडा राहत्या घरातली खोली, यजमान घरात असलेली, तिथे गावाची ओळख होईल आणि शेजारपाजार कळेल. स्वतंत्र बाथरूम असेल तरच, ही नवऱ्याची अट. पुढचे दोन आठवडे सुट्टीत घरी गेलेल्या कुणाचं तरी राहतं घर, केशरच्या खुणा लावून शोधलेलं, लिफ्टसहित, क्रमांकासहित, आणि चावी माणसाच्या हातून. निळावंतीताई, हे चालेल ना? तुमचं मत मला खरंच हवंय.

अजून दोन शंका. विद्यार्थी स्वतःची भाड्याची खोली परस्पर आम्हाला देत असेल तर ते कायदेशीर आहे का? आणि स्टेशनच्या उत्तरेचा बोलोन्यीना भाग राहायला कसा आहे? तिथे घरं चांगली दिसतायत.

निळावंती
चालेल काय, छानच आहे गं. आल्यावर लिही नक्की, आणि चौकातल्या सिनेमाचं सविस्तर लिही.

गंधार
पहिल्याचं उत्तर: मूळ घरमालकाची संमती असल्याशिवाय घेऊ नका. त्या मुलाच्या करारात पोटभाडेकरूला मनाई असली तर मालक तुम्हालाही बाहेर काढेल आणि त्यालाही. संमतीचा ईमेल मागा, खरा असेल तर देतो. ३० दिवसांच्या आतल्या भाडेकराराची नोंदणी करावी लागत नाही, पण पोलिसांकडची नोंद चुकत नाही, ती कोण करणार हे आधीच विचारून घ्या.

बोलोन्यीना मला आवडतो. जुनी कामगार वस्ती, आता निरनिराळ्या देशांतून आलेली कुटुंबं राहतात, बाजार रोजच्या वापराचा आहे, पर्यटकांसाठी मांडलेला नाही. स्टेशनच्या अगदी मागच्या काही गल्ल्यांत रात्री उशिरा एकटं फिरायला मला आवडायचं नाही, तेव्हा चौकाच्या, म्हणजे पियात्सा देल उनिताच्या, आसपास बघा. पियात्सा माज्जोरेमधला सिनेमा संपल्यावर तिथे चालत यायला अर्धा तास धरा.

आणि तारीख नक्की करायच्या आधी प्रदर्शन मैदानाचं कॅलेंडर बघा. मोठं व्यापारी प्रदर्शन असलं की त्या आठवड्यात घरांची भाडी दुप्पट होतात आणि खोली मिळणं मुश्कील. मोठी प्रदर्शनं बरीचशी वसंतात असतात, पण एकदा बघून घ्याच.

रानवारा
आणि डासांसाठी प्लगमध्ये लावायचं यंत्र तिथेच घ्या, सुपरमार्केटमध्ये मिळतं. खिडक्यांना जाळ्या आहेत का हे मालकाला आजच विचार, नंतर विसरशील.